उपकेंद्र, पीएचसी आणि आपण: आरोग्य कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोन वाजायचा काही थांबत नाही. पहिला आठवडा रिपोर्टिंगचा आणि मानधन जमा झालं का हे पाहण्याचा. प्रश्न विचारणाऱ्या आशाताई (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) वेगळ्या, सिस्टर (आरोग्य सेविका) वेगळ्या, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) वेगळे; प्रश्न मात्र तेच. म्हणून एकदाच सगळे लिहून काढले. महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागातल्या, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाखाली उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) काम करणाऱ्यांसाठी हे आहे. शहरी केंद्रांत काही गोष्टी वेगळ्या असतात.

ग्रुपवर आदेशाचा फोटो आलाय. खरा मानायचा का?

मी पहिल्यांदा उलट विचारतो: प्रत आली का? शासन निर्णय असेल तर त्यावर विभागाचं नाव, क्रमांक, दिनांक आणि शेवटी सांकेतांक असतो. तो सांकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ कागद उघडतो. नाही उघडला तर तो कागद फोटोच समजायचा.

आता कागदांची उतरंड. शासन निर्णय सर्वांत वर. परिपत्रक त्याच निर्णयाची अंमलबजावणी कशी करायची ते सांगतं. शुद्धिपत्रक आधीच्या कागदातली चूक किंवा आकडा बदलतं आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. अभियान संचालकांचं पत्र राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कर्मचाऱ्यांना लागू होतं, जिल्हा परिषदेच्या नियमित सेविकेला आपोआप होत नाही. डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) किंवा टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) यांचा आदेश या सगळ्यांच्या चौकटीत असावा लागतो.

आणि मंत्रिमंडळाचा निर्णय किंवा मंत्र्यांची घोषणा? ती बातमी. २०२३ च्या अखेरीस आशांच्या संपानंतर मानधनवाढीची घोषणा झाली. पेढे वाटले गेले. कागद येईना म्हणून २०२४ च्या जानेवारीत ताया पुन्हा रस्त्यावर उतरल्या आणि शासन निर्णय निघाला तो १४ मार्च २०२४ रोजी. घोषणा आणि कागद यांच्यात इतकं अंतर पडू शकतं, म्हणून पेढ्यांची घाई करू नये.

आधी उपकेंद्र, मग आरोग्यवर्धिनी, आता आयुष्मान आरोग्य मंदिर. बोर्ड बदलला, काम काय बदललं?

बदललंय, आणि बरंच. फक्त बोर्ड रंगवणाऱ्याने ते सांगितलं नाही.

२०१८ मध्ये केंद्राने आयुष्मान भारत जाहीर केलं. त्याचे दोन पाय. एक रुग्णालयातल्या उपचारांच्या विम्याचा, तो सर्वांना माहीत आहे. दुसरा गावपातळीवरच्या केंद्रांचा, म्हणजे आरोग्यवर्धिनीचा. त्यातलं पहिलं केंद्र १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधल्या बिजापूर जिल्ह्यात जांगला इथे सुरू झालं. २०२३ च्या अखेरीस नाव बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर झालं.

पूर्वी उपकेंद्र म्हणजे माता, बाळ, लस, कुटुंब नियोजन आणि साथीचे आजार. आता सेवांची यादी बाराची आहे. जुन्या कामांत साधे आजार, रक्तदाब-मधुमेह-कर्करोगाची तपासणी, डोळे-कान-नाक-घसा, दात, म्हातारपण आणि वेदनाशमन, मानसिक आरोग्य आणि तातडीची मदत यांची भर पडली. औषधांच्या यादीत उपकेंद्राला १०५ आणि पीएचसीला १७२ औषधं, तपासण्या अनुक्रमे १४ आणि ६३.

यादीत आहे म्हणजे कपाटात आहे असं नाही, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. पण यादी माहीत असली तर मागणीपत्रात औषधाचं नाव लिहिता येतं. मागितलंच नाही तर 'मागणी नाही' अशी नोंद होते आणि पुढच्या वर्षी तेवढंही येत नाही. शिल्लक शून्यावर येण्याची वाट न बघता मागणी पाठवा आणि पोच घ्या.

सीएचओ आणि सिस्टर, उपकेंद्रात मोठं कोण?

हा प्रश्न आला की मला सासू-सुनेची आठवण होते. दोघींनाही घर चालवायचंच असतं.

मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उपकेंद्रातल्या टीमचं नेतृत्व समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे आहे. बीएएमएस, बीयूएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या उमेदवाराने सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर ही नेमणूक होते. टीममध्ये आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आणि आशा. या सगळ्यांवर देखरेख पीएचसीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची (एमओ).

गंमत अशी की नेतृत्व करणारा कंत्राटी आणि ज्याचं नेतृत्व करायचं तो नियमित सेवेतला. शिस्तभंगाचे अधिकार सीएचओकडे नाहीत. वीस वर्षं त्याच गावांत फिरलेल्या सिस्टरला पंचविशीतल्या डॉक्टरांनी 'कामं वाटून देतो' म्हटलं की भांडं वाजणारच. माझ्या जुन्या विभागातल्या एका उपकेंद्रात तर कपाटाच्या दोन कुलपांवरून वाद थेट मासिक सभेपर्यंत पोचला होता.

कागदावर नाही, पण अनुभवावर सांगतो: ओपीडी, असंसर्गजन्य आजार, टेलिकन्सल्टेशन (डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला) आणि औषधसाठा सीएचओकडे, गरोदर मातांची यादी, प्रसूती, लसीकरणाची ड्यू लिस्ट (ज्यांना लस द्यायची त्यांची यादी) सिस्टरकडे, पाणी नमुने, ताप सर्वेक्षण, कीटक सर्वेक्षण सेवकाकडे. ही वाटणी एमओंच्या सहीने लिहून घ्या. एकजण रजेवर गेला तर त्याचं काम कोण बघणार, हेही त्याच कागदावर. नव्वद टक्के भांडणं रजेच्या दिवशी होतात.

सीएचओंना पगार ४० हजार म्हणतात, हातात कमी का येतो?

कारण तो एकच आकडा नाही. २५ हजार ठरावीक मानधन आणि १५ हजारांपर्यंत कामावर आधारित मोबदला. दुसरा भाग निर्देशांकांवर ठरतो आणि ते निर्देशांक पोर्टलवरच्या नोंदींतून काढतात. काम केलं पण नोंद राहिली, तर ते काम झालंच नाही असं गृहीत धरतात. महिना संपण्याआधी एकदा आपला आकडा आणि पोर्टलचा आकडा ताडून बघा. नंतर बघून उपयोग नसतो.

आशाताईंना नेमकं किती मिळायला हवं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि एका आकड्यात उत्तर देता येत नाही असाही. आशाचं मानधन तीन गाडग्यांतून येतं.

पहिलं गाडगं केंद्राचं: नियमित कामांसाठीचा ठरावीक मोबदला. कुटुंबांच्या याद्या अद्ययावत ठेवणं, गाव आरोग्य व पोषण दिवस, गावच्या आरोग्य समितीची बैठक, लसीकरणाची यादी अशी कामं त्यात धरतात. तो महिन्याला २ हजार होता. २०२५ मध्ये केंद्राने तो ३,५०० करायचं ठरवलं. त्याच वेळी दहा वर्षं काम करून बाहेर पडणाऱ्या आशांसाठीची रक्कम २० हजारांवरून ५० हजार केली.

दुसरं राज्याचं. यात वर सांगितलेल्या १४ मार्च २०२४ च्या निर्णयाने नोव्हेंबर २०२३ पासून दरमहा ५ हजारांची वाढ झाली.

तिसरं कामागणिक. दवाखान्यातल्या बाळंतपणासाठीच्या जननी सुरक्षा योजनेत (जेएसवाय) ग्रामीण भागात ६००, नवजात बाळाच्या घरभेटींचे (एचबीएनसी) २५०, पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांच्या भेटींचे प्रत्येकी ५० रुपये, क्षयरोगाचं औषध पूर्ण करून घेतल्याचे वेगळे, कुष्ठरोगाचे वेगळे. यादी लांब आहे.

आता अडतं कुठे? तिन्ही गाडग्यांचे पैसे वेगवेगळ्या तारखांना एकाच खात्यात पडतात आणि पासबुकात फक्त रक्कम दिसते. म्हणून कोणता हप्ता आला आणि कोणता राहिला हे ताईंना कळत नाही. दावा अर्जाची झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो ठेवा, त्यावर गटप्रवर्तकांना (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्यांना) दिल्याची तारीख टाका. बीसीएमकडे (तालुका समूह संघटक) विचारायला गेलात तर 'मानधन कमी आलं' असं म्हणू नका. 'जूनच्या चार एचबीएनसी आणि दोन जेएसवाय आल्या नाहीत' असं म्हणा. पहिल्या वाक्याला सहानुभूती मिळते, दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. राज्याने १ एप्रिल २०२४ पासून लागू केलेल्या निर्णयानुसार काम करताना अपघाती मृत्यू झाल्यास आशा आणि गटप्रवर्तकांच्या वारसांना १० लाख, कायमचं अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये मिळतात. घरच्यांना हे सांगून ठेवा. अपशकुन वगैरे काही नाही.

आशा कर्मचारी की स्वयंसेविका?

कागदोपत्री स्वयंसेविका. माझं मत विचाराल तर हा शब्द आता झाकणासारखा वापरला जातो. १९७० च्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडमध्ये गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं तेव्हा त्या बायका घरचं काम सांभाळून दिवसाचे काही तास देत. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली तीही त्याच कल्पनेवर. आज तीच ताई सकाळी सर्वेक्षण, दुपारी कार्ड काढणं, संध्याकाळी मोबाइलवर नोंदी करते आणि मध्यरात्री बाळंतिणीबरोबर गाडीत बसते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा जागतिक पातळीवर गौरव केला. गौरवाने भविष्यनिर्वाह निधी सुरू होत नाही, एवढंच.

गटप्रवर्तकांचं काय?

२०२४ मध्ये त्यांच्या मानधनात ४ हजारांची वाढ ठरली. पण त्यांचं मूळ दुखणं प्रवासाचं. वीसेक आशा, पंचवीस-तीस वाड्या आणि स्वतःच्या दुचाकीत स्वतःचं पेट्रोल. भेटींचा अहवाल किलोमीटरसह लिहा.

कंत्राटीवरून कायम होणार का?

१४ मार्च २०२४ ही तारीख इथे पुन्हा येते. त्या दिवशीच्या शासन निर्णयाने राष्ट्रीय आरोग्य अभियानात दहा वर्षं सलग सेवा झालेल्यांना आरोग्य विभागातल्या समकक्ष नियमित पदांवर सामावून घेण्याचा मार्ग उघडला. अशा पदांपैकी ३० टक्के पदं समायोजनासाठी आणि ७० टक्के सरळसेवेने, असं सूत्र. अंमलबजावणी रखडली म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून राज्यभर बेमुदत संप झाला.

यात 'समकक्ष' हा शब्द जिवाचा. अधिपरिचारिका, औषध निर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांना नियमित आस्थापनेवर तेच पद सापडतं. पण अभियानातली बरीच पदं अशी आहेत की त्यांचं जोडीदार पद शासनाच्या आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) नाहीच. तिथे दहा काय, पंधरा वर्षं झाली तरी गाडी अडते.

तुमच्या हातात आहे ते एवढंच: नेमणुकीचे सगळे आदेश पहिल्यापासून क्रमाने लावा. ११ महिने २९ दिवसांचा आदेश, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा आदेश, अशी ती माळ असते. मधला एक आदेश हरवला की सलग सेवा सिद्ध करताना घाम फुटतो. कार्यालयात प्रत असेलच या भरवशावर राहू नका. मी एका कार्यालयात २०११ च्या फायली पावसात भिजून लगदा झालेल्या पाहिल्या आहेत.

माझ्या उपकेंद्राखाली नऊ हजार लोकसंख्या आहे. निकष किती?

सपाट भागात ५ हजार, आदिवासी व डोंगराळ भागात ३ हजार. पीएचसीला अनुक्रमे ३० हजार आणि २० हजार. १९४६ मध्ये भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली तेव्हा सुरुवातीला ४० हजारांमागे एक केंद्र धरलं होतं. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने एकेका रोगाचा वेगळा कर्मचारी ही पद्धत मोडून बहुउद्देशीय कर्मचारी आणला. मलेरियावाला, देवीवाला अशी ओळख पुसली गेली ती तेव्हापासून. मी नोकरीला लागलो तेव्हाही म्हातारी माणसं 'मलेरियावाले साहेब' म्हणून हाक मारायची.

मग नऊ हजार कसे झाले? नवीन उपकेंद्राची मंजुरी जनगणनेच्या लोकसंख्येवर ठरते आणि आपल्या हातात शेवटची जनगणना २०११ ची. तुमच्या गावाशेजारी औद्योगिक वसाहत आली, ऊसतोड टोळ्या मुक्कामाला राहिल्या, वीटभट्ट्या वाढल्या, ते त्या आकड्यात नाही. सर्वेक्षणातली प्रत्यक्ष लोकसंख्या दरवर्षी लेखी कळवत जा. उद्दिष्टं तरी तुमच्या खऱ्या संख्येशी जुळतील.

केसपेपरचे पैसे घ्यायचे का?

नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या संस्थांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं, म्हणजे मेडिकल कॉलेजं, यात येत नाहीत. रुग्ण पुढे पाठवताना हे सांगा, नाहीतर तो तिथल्या खिडकीवर भांडतो.

रुग्ण 'पाच लाखांचं कार्ड' मागतो. आपण काय करायचं?

दोन योजना एकत्र झाल्याने गोंधळ आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना राज्यात एकत्रित राबवतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. शिधापत्रिकेच्या रंगावरून पूर्वी जी चाळणी लागायची ती गेली. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न ठेवता केंद्राचं वेगळं कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं.

आपलं काम ई-केवायसी करून देणं आणि एक गोष्ट ठासून सांगणं: हे दवाखान्यात भरती झाल्यावरचं आहे, ठरलेल्या उपचारांसाठी आहे आणि योजनेतल्या रुग्णालयातच चालतं. भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटायचं. बिल भरून आल्यावर कार्ड दाखवणाऱ्यांचे चेहरे बघवत नाहीत.

आभा नंबर काढला नाही तर उपचार नाकारायचे का?

अजिबात नाही. आभा, म्हणजे रुग्णाचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, ऐच्छिक आहे. टार्गेट तुमचं आहे, रुग्णाचं नाही.

टेलिकन्सल्टेशनमध्ये सीएचओंनी औषध दिलं तर जबाबदारी कुणाची?

ई-संजीवनी या शासनाच्या ऑनलाइन सल्ल्याच्या सेवेवर सीएचओ रुग्णाजवळ असतात आणि पलीकडे डॉक्टर. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत डॉक्टरांचा सल्ला हा प्रकार स्पष्टपणे धरलेला आहे. औषधाचा निर्णय आणि त्याची जबाबदारी प्रिस्क्रिप्शन देणाऱ्या डॉक्टरांची. तपासणी खरी करणं, बीपी-साखर-ताप बरोबर सांगणं ही इकडच्या माणसाची.

धोका आहे तो नुसता आकडा भरण्यासाठी केलेल्या कॉलमध्ये. रुग्ण नसताना घरच्याच माणसाच्या नावाने केलेला कॉल कायद्याच्या भाषेत खोटी नोंद असते. रेंज नसेल तर तसा शेरा लिहा. रेंज नसणं हा गुन्हा नाही.

उघडलेली लसीची व्हायल (कुपी) परत वापरायची की फेकायची?

इथे थोडं थांबून वाचा, कारण दोन्ही बाजूंनी चुका होतात.

बीसीजी आणि एमआर (गोवर-रुबेला) या पावडरच्या लसी. पातळ केल्यानंतर चार तास, बस. एक बाळ उरलंय म्हणून पाचव्या तासाला टोचायची नाही. मिसळल्याची वेळ व्हायलवर लिहिलीच पाहिजे. डायल्युअंट (लस पातळ करायचं द्रावण) त्याच कंपनीचं आणि लसीइतकंच थंड हवं.

पेंटा, ओपीव्ही, डीपीटी, टीडी, हिपॅटायटिस बी, आयपीव्ही, पीसीव्ही या लसींच्या उघडलेल्या व्हायल २८ दिवसांपर्यंत वापरता येतात. पण अटी सांभाळून: उघडल्याची तारीख लिहिलेली हवी, मुदत संपलेली नको, व्हीव्हीएम (लसीला उष्णता लागल्याचं दाखवणारी खूण) वापरण्याजोगा हवा, लस गोठलेली नको, रबरी बूच पाण्यात बुडालेलं नको आणि व्हायल त्याच दिवशी शीतसाखळीत परत पोचलेली हवी. एक अट हुकली की व्हायल बाद.

आपल्याकडे लस उष्णतेने खराब होते हे सगळ्यांना पाठ आहे. गोठून खराब होते हे विसरतात. पेंटा, टीडी, हिपॅटायटिस बी थेट बर्फाळ आइसपॅकला टेकल्या की गेल्या, आणि दिसायला तशाच दिसतात. म्हणून आइसपॅक फ्रीजरमधून काढून बाहेर ठेवायचे; हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच कॅरियरमध्ये. सकाळी सातला गाडी दारात उभी आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, तेव्हाच ही पायरी गाळली जाते. त्याला चहा पाजा.

आणि वीज गेली तर आयएलआरचं (लसींच्या फ्रीजचं) झाकण उघडून बघू नका. बघण्यानेच गारवा जातो.

सर्पदंशाचा रुग्ण पीएचसीत आला, थेट पुढे पाठवला तर चालेल?

चालवून घेतात, पण चालू नये. घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाला दोन तासांच्या प्रवासात काय होतं हे ज्याने पाहिलंय तो पुन्हा असं करणार नाही.

काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन-तीन मिली ताजं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. नंतर नळी तिरपी करायची. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. प्लास्टिकची नळी चालत नाही. विषबाधेची लक्षणं असतील तर एमओंनी प्रतिविष सुरू करायचं: सुरुवातीला ८ ते १० व्हायल, मूल असो की मोठा माणूस, मात्रा तीच, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. ॲड्रिनॅलिन भरून बाजूला हवं. पहिला डोस सुरू करून मग १०८.

मण्यार फसवते. झोपेत चावते, दुखत नाही, सूज नाही, रक्तही गोठतं. पहाटे पोटात दुखतंय म्हणून आलेल्या माणसाच्या पापण्या जड होत असतील तर मण्यार आठवा.

घट्ट दोरी बांधलेली असेल तर प्रतिविष तयार ठेवूनच सोडा. २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाची राष्ट्रीय कृती योजना आणली. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. ते मृत्यू जिल्हा रुग्णालयात थांबणार नाहीत, तिथे पोचण्याआधीच्या वाटेवर थांबतील.

'पीएचसीत काय होणार' म्हणणाऱ्यांना मी एक नाव सांगतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या पीएचसीत रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरताना पाहून त्यांनी रुग्णाशेजारी रात्र-रात्र बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे साधं रक्तदाबाचं औषध तिथे जीव वाचवतं हे दाखवलं. त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ते सुरू झालं कोकणातल्या एका पीएचसीच्या खाटेपाशी.

क्षयरुग्णांचे पैसे वाढले म्हणतात?

हो. निक्षय पोषण योजनेत महिन्याला ५०० होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १ हजार. सहा महिन्यांच्या उपचारात ३ हजारांचे दोन हप्ते: पहिला निदान झाल्यावर, दुसरा ८४ दिवसांनी. पैसे अडण्याचं कारण दहापैकी आठ वेळा बँक खातं असतं. आधार जोडलेलं नाही, किंवा खातं नवऱ्याचं. निक्षय पोर्टलवर नोंद करतानाच पासबुक बघा.

एचबीएनसीत सिझेरियनच्या बाळाच्या भेटी कमी पडतात. मोबदला कापला जातो का?

कापू नये. दवाखान्यात बाळंतपण झालं तर भेटी सहा: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. सिझेरियनमध्ये आई तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच असते, त्यामुळे सातव्या दिवसापासूनच्या पाच भेटी पूर्ण केल्या तरी २५० रुपये पूर्ण मिळतात. हे माहीत नसल्याने कित्येक ठिकाणी तिसऱ्या दिवसाची भेट खोटीच लिहितात. गरज नाही.

या भेटींचा उगम आपल्याकडचाच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं होतं. त्या काळजीचा पाया होता बाळाचं वजन, तापमान आणि श्वास मोजणं. म्हणून दारातून 'बाळ बरं आहे ना' विचारून परत येणं ही भेट नाही. बाळाचं दुपटं बाजूला करून एक मिनिट श्वास मोजा. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा, तेवढेच आले तर गाडी बोलवा.

नातेवाइकांनी शिवीगाळ, मारहाण केली तर?

पहिलं काम, स्वतः सुरक्षित जागी जा. दुसरं, ११२. तिसरं, एमओंना लेखी कळवा, त्याच दिवशी. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरचा हिंसाचार दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि मालमत्तेची हानी झाली असल्यास दुप्पट भरपाई. शासकीय सेवकाला धाक दाखवून कामापासून रोखलं तर पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३५३ लागायचं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२. ठाण्यात गेल्यावर 'गावचाच माणूस आहे, मिटवून घ्या' म्हणतील. मिटवायचं की नाही ते नंतर ठरवा, तक्रार आधी द्या. रात्रपाळीला एकटी सिस्टर असलेल्या केंद्रात दाराचा कोयंडा आणि बाहेरचा दिवा चालू आहे का, हे मी प्रत्येक भेटीत बघायचो. दोन्ही असलेली केंद्रं थोडीच.

सगळं ॲपवर भरतो. मग रजिस्टर आणि फिरती डायरी कशाला?

ॲप बदलतात. माझ्या नोकरीत तीनदा पोर्टल बदलताना पाहिलं आणि दर वेळी मागचा काही डेटा 'मायग्रेट होतोय' म्हणाले तो अजून होतोय. चौकशी लागली, मोबदला अडला, माता मृत्यूचं अन्वेषण निघालं, की समितीपुढे कामाला येते ती तुमच्या हस्ताक्षरातली ओळ: अमुक तारखेला अमुक घरी गेलो, बीपी इतकं होतं, पुढे जायला सांगितलं, सासूने नकार दिला. डायरी रोजची रोज लिहा, खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करा. पान फाडू नका.